शाहू महाराज नेमके कोणते? एकाच नावाच्या प्रसिद्ध व्यक्तींच्या नोंदी वेगळ्या कशा ठेवायच्या

प्रश्न असा आहे: एका गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी महाराष्ट्रातल्या नामवंतांची चरित्रसूची तयार होते आहे. शाहू महाराजांचं जन्मसाल एका पुस्तकात १६८२, तर दुसऱ्यात १८७४ दिलं आहे. रमाबाईंच्या नावावर कुठे सेवासदन आहे, कुठे शारदा सदन. नानासाहेब पेशवे पानिपतच्या वर्षी वारले असतील, तर १८५७च्या उठावात कोण होते? पुस्तकं चुकली आहेत का, आणि अशा नोंदी वेगळ्या करण्याची काही रीत आहे का?

पुस्तकं चुकलेली नाहीत, माणसं वेगळी आहेत. चरित्रनोंदी आणि लेखकसूची करण्यात माझी उमेदीची बरीच वर्षं गेली, आणि या कामात सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट हीच. दोन माणसं एका नोंदीत मिसळली की एकाचं आयुष्यभराचं काम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं. ज्याचं गेलं तो तक्रार करायला येत नाही. म्हणून सूची करणाऱ्यानेच जागं राहावं लागतं. रीत आहे, आणि तिचा मोठा भाग आपल्या नावाच्या पद्धतीतच आहे. पण ती सगळीकडे पुरत नाही, तेव्हा उदाहरणं घेऊनच बोलू.

शाहू महाराजांपासून सुरुवात करतो. १६८२ साली जन्मलेले शाहू हे छत्रपती संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे पुत्र. रायगड पडल्यावर लहानपणीच मोगलांच्या कैदेत गेले, १७०७मध्ये सुटले, १७०८च्या जानेवारीत साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला आणि १७४९च्या डिसेंबरात ते वारले. पहिल्या बाजीरावांना पेशवेपद दिलं ते यांनी. १८७४ साली जन्मलेले ते कोल्हापूरचे राजर्षी शाहू. मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, १८९४मध्ये कारभार हाती घेतला, २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, आणि ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. दोघांमध्ये जवळजवळ दोनशे वर्षांचं अंतर आहे. तरी ‘छत्रपती शाहू महाराज’ एवढंच लिहिलं की वाचणाऱ्याने कोणते धरायचे?

आणखी एक तिसरे शाहू आहेत, ज्यांचा अनेकांना विसर पडतो. रामराजांनंतर १७७७पासून १८०८पर्यंत साताऱ्याच्या गादीवर होते ते दुसरे शाहू, प्रतापसिंह महाराजांचे वडील. सवाई माधवराव आणि दुसरा बाजीराव यांच्या काळातल्या कागदात ‘शाहू महाराज’ आले तर ते हेच असू शकतात. अठराव्या शतकाच्या अखेरच्या पत्रात पहिले शाहू शोधत बसलात तर हाती काहीच लागणार नाही.

‘राजर्षी’ हा शब्द म्हणून मी कधीच गाळू देत नाही. ही पदवी १९१९मध्ये कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेत त्यांना देण्यात आली. आदर म्हणून ती ठेवायचीच, पण सूचीत ती ओळखही पटवते. कानपूरच्या विद्यापीठाला छत्रपती शाहूजी महाराजांचं नाव आहे ते कोल्हापूरच्या महाराजांचं, साताऱ्याच्या नव्हे. नावात ‘राजर्षी’ नसल्यामुळे बाहेरच्या माणसाला हे सहज उमगत नाही.

नावं अशी पुन्हा पुन्हा का येतात? मुख्य कारण आपल्या घराघरांत आहे. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, कोणी अकाली गेलं तर पुढच्या मुलाला त्याचं नाव द्यायचं. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडले, त्यानंतर १६५७मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या पुत्राचं नाव संभाजी ठेवलं गेलं. तंजावरला व्यंकोजी राजांच्या मुलाचं नाव शहाजी. हे शहाजी १६८४ ते १७१२पर्यंत तंजावरच्या गादीवर होते, आणि त्यांचे आजोबा म्हणजे शिवाजी महाराजांचे वडील शहाजी राजे. शिवाय सातारा आणि कोल्हापूर या दोन्ही गाद्या एकाच मूळ पुरुषाच्या असल्यामुळे शिवाजी, संभाजी, राजाराम, शाहू ही नावं दोन्हीकडे फिरत राहिली. वारणेचा तह १७३१मध्ये झाला तो साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी या चुलत भावांमध्ये. हे संभाजी राजाराम महाराज आणि राजसबाईंचे पुत्र. तहाचा उल्लेख वाचून कोणी धर्मवीर संभाजी महाराजांचं नाव तिथे जोडलं तर त्यांच्या मृत्यूचं १६८९ आणि तहाचं १७३१ ही दोन सालं समोर ठेवा, लगेच उलगडा होतो.

यात एक धोका सांगून ठेवतो. ‘पहिले’, ‘दुसरे’, ‘तिसरे’ या क्रमांकांवर पूर्ण भरवसा ठेवू नका. कोणी क्रमांक स्वराज्याच्या संस्थापकापासून मोजतं, कोणी कोल्हापूरची गादी वेगळी झाल्यापासून. एकच राजा एका पुस्तकात पहिला आणि दुसऱ्यात दुसरा होतो. क्रमांक लिहा, पण त्याच्या शेजारी गादीचं गाव आणि साल हवंच.

राजाराम हे नाव याचं चांगलं उदाहरण. छत्रपती राजाराम, शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र, १६७० ते १७००. साताऱ्याचे रामराजे यांनाही इंग्रजी पुस्तकं राजाराम म्हणतात. कोल्हापूरचे एक राजाराम महाराज युरोपच्या प्रवासावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्सला वारले, वय अवघं वीस. तिथे नदीकाठी त्यांचं दहन झालं आणि त्या जागी त्यांची छत्री आजही उभी आहे. आणि मग राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम, १८९७ ते १९४०. आता कोल्हापूरचं राजाराम कॉलेज कोणाच्या नावाचं? अनेकजण शाहूपुत्र राजाराम सांगतात, कारण ते जवळच्या काळातले. पण कॉलेज १८८०चं आहे, तेव्हा हे राजाराम जन्मलेलेही नव्हते. ते नाव फ्लॉरेन्सला गेलेल्या राजाराम महाराजांच्या स्मरणार्थ आहे. अशा ठिकाणी दुसरा कुठलाही पुरावा शोधण्याआधी संस्थेचं स्थापनेचं साल आणि व्यक्तीचं जन्मसाल शेजारी मांडायचं. निम्मे घोटाळे तिथेच मिटतात.

पेशव्यांच्या घरात तर आजोबा आणि नातू हा प्रकार सरळसरळ दिसतो. पहिले बाजीराव १७४०मध्ये गेले. त्यांचे पुत्र रघुनाथराव, आणि रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव. बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा १७३९मध्ये वसईचा किल्ला जिंकणारे, आणि दुसऱ्या बाजीरावांच्या धाकट्या भावाचं नावही चिमाजी अप्पा. या दुसऱ्या चिमाजींना १७९६मध्ये सवाई माधवरावांच्या विधवा पत्नी यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देऊन थोडे दिवस पेशवेपदावर बसवलं होतं. वसईच्या वीराला पेशवेपदावर बसवणारी वाक्यं मी छापील मजकुरात वाचली आहेत, आणि ती या जुळणीतूनच आलेली आहेत.

इथे आपली जुनी पद्धत कामाला येते. पेशव्यांच्या कागदात नाव बापाच्या नावासह येतं. पहिल्या बाजीरावांच्या शिक्क्यात ‘बाजीराव बल्लाळ’ असतं, म्हणजे बाळाजींचा मुलगा. दुसरे ते ‘बाजीराव रघुनाथ’. बाळाजी विश्वनाथ आणि बाळाजी बाजीराव हे आजोबा आणि नातू, दोघेही पेशवे, आणि दोघांना वेगळं करतं ते बापाचंच नाव. मोरोपंत म्हटलं तर त्र्यंबकांचे मोरोपंत म्हणजे शिवकाळातले पेशवे पिंगळे, रामचंद्रांचे मोरोपंत म्हणजे बारामतीचे पंतकवी पराडकर, आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे ते निराळेच. हे मधलं नाव गाळून ‘नाव आणि आडनाव’ एवढंच लिहायची सवय लागली आहे. सूचीच्या कामात ती फार महागात पडते. तुमच्या वाचनालयाच्या सूचीत पहिल्या दिवसापासून तिन्ही नावं पूर्ण लिहा.

नानासाहेबांचा प्रश्न मात्र यानेही सुटत नाही, कारण ते घरगुती नाव आहे. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब १७४० ते १७६१ पेशवे होते आणि पानिपतानंतर काही महिन्यांत पुण्यात वारले. १८५७चे नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र, कानपूरजवळच्या बिठूरचे. उठाव मोडल्यावर ते नेपाळच्या तराईकडे गेले आणि मग त्यांचा ठाव लागला नाही. दोघांनाही ‘नानासाहेब पेशवे’च म्हणतात. अठराव्या शतकात नाना फडणीसही आहेत, आणि त्यांचं खरं नावही बाळाजी, बाळाजी जनार्दन भानू. म्हणून नोंदीच्या मथळ्याला खरं नाव घ्यावं आणि नानासाहेब, भाऊसाहेब, दादासाहेब, बाळासाहेब ही नावं ‘ऊर्फ’ म्हणून पुढे लिहून तिथून मूळ नोंदीकडे बोट दाखवावं. विसाव्या शतकाच्या राजकारणात नुसते ‘बाळासाहेब’ किती निघतील पाहा: खेर, देसाई, भारदे, विखे, ठाकरे.

एकोणिसाव्या शतकात उलटी अडचण येते. नाव आहे, बापाचं नाव आहे, आडनावच नाही. ‘बाळ गंगाधर’ घ्या. १८३२मध्ये ‘दर्पण’ काढणारे आचार्य जांभेकर यांचं नाव बाळ गंगाधर. टिळक तर सर्वांना माहीतच. आणि मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, तेही बाळ गंगाधर. टिळक आणि खेर दोघेही रत्नागिरीत जन्मलेले, आणि जांभेकरांचं पोंभुर्लेही त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, जिल्हा, तिन्ही जुळतं. इथे वेगळेपण ठरवतं ते साल: १८१२, १८५६, १८८८. १८४०च्या सुमाराच्या सरकारी कागदात ‘बाळ गंगाधर शास्त्री’ दिसले तर ते जांभेकरच असणार, टिळकांच्या जन्माला तेव्हा अजून सोळा वर्षं अवकाश होता.

तसंच ‘पांडुरंग’. व्याकरणकार दादोबा पांडुरंग आणि प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग हे सख्खे भाऊ, आडनाव तर्खडकर. त्याच काळात शंकर पांडुरंग हे संस्कृतचे मोठे विद्वान मुंबईत गाजत होते. तीन नावं एका पानावर ठेवली की तिसराही भाऊच वाटतो. तो भाऊ नव्हे. ते शंकर पांडुरंग पंडित, वेगळ्या घरातले.

या पंडितांवरून विष्णुशास्त्रींकडे येतो, आणि इथे मला जरा थांबायचं आहे. ‘विष्णुशास्त्री’ असं नुसतं लिहिलेलं आपल्या लेखनात जागोजागी सापडतं. बहुतेक वाचक विष्णुशास्त्री चिपळूणकर समजतात: १८५०चा जन्म, १८७४मध्ये ‘निबंधमाला’, १८८०मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८२मध्ये अकाली मृत्यू. पण त्यांच्या आधी एका पिढीचे विष्णुशास्त्री पंडित होते, विष्णू परशुराम, १८२७ ते १८७६. ते ‘इंदुप्रकाश’ या वृत्तपत्राचे संपादक होते, विधवाविवाहाच्या चळवळीचे अग्रणी होते, आणि १८७०मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर झालेल्या वादात पुनर्विवाहाचा पक्ष त्यांनी मांडला. शंकर पांडुरंग पंडितांसह तुकारामांच्या गाथेची ‘इंदुप्रकाश’ प्रतही त्यांनीच सिद्ध केली. आडनाव एक असलं तरी हे दोघे पंडित एकमेकांचे नातेवाईक होते असं समजायचं कारण नाही.

आता घोटाळा किती गंभीर होतो बघा. चिपळूणकरांनी सुधारकांवर सडकून टीका केली. पंडितांनी सुधारणेसाठी समाजाचा बहिष्कार सोसला. ‘विष्णुशास्त्रींनी पुनर्विवाहाची बाजू घेतली’ हे वाक्य चिपळूणकरांच्या नोंदीत गेलं की एका माणसाला त्याने न घेतलेली भूमिका चिकटते आणि दुसऱ्याची हिंमत पुसली जाते. जन्मसालाची चूक निदान ढोबळ असते, कोणीतरी पकडतो. विचारांची अदलाबदल कोणाच्या लक्षात येत नाही, कारण वाक्य वाचायला सुसंगत वाटतं. यासाठी मी एक साधी फूटपट्टी वापरतो. उल्लेख १८७४च्या आधीचा आणि सुधारणेच्या संदर्भातला असेल तर प्रथम पंडित तपासायचे. १८७६नंतरच्या घडामोडींमध्ये पंडित असू शकत नाहीत. मधली दोन वर्षं प्रत्येक उल्लेख मुळातून वाचायचा.

रमाबाईंचा गुंता याहून नाजूक आहे, कारण दोघी एकाच वेळी एकाच शहरात होत्या. पंडिता रमाबाई डोंगरे-मेधावी, १८५८ ते १९२२. पतीच्या निधनानंतर १८८२मध्ये त्या पुण्याला आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे, १८६२ ते १९२४, त्या समाजाच्या कामात त्यांच्यासोबत होत्या, दोघींचा घरोबा होता. त्यामुळे १८८२-८३च्या पुण्यातल्या महिला सभेच्या वृत्तांतात ‘रमाबाई बोलल्या’ असं आलं तर कोणत्या हे केवळ सालावरून आणि गावावरून ठरत नाही. पंडिता रमाबाई १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या, नंतर अमेरिकेत होत्या, आणि १८८९मध्ये परत येऊन मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्यात आलं. म्हणजे १८८४ ते १८८८ या काळात पुण्यातल्या सभेतली रमाबाई पंडिता असू शकत नाही. माणूस त्या दिवशी त्या गावी होता का, हे विचारायची सवय लावून घ्या. केडगावचं मुक्ती सदन पंडिता रमाबाईंचं, पुण्याचं सेवासदन रमाबाई रानड्यांचं. दोन्ही ‘सदन’ असल्यामुळे यादीत उलटसुलट होतात.

आणि रानड्यांच्या बाबतीत तर पूर्ण नावही पुरेसं नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांना लोक माधवराव म्हणत. म्हणजे ‘माधवरावांच्या पत्नी रमाबाई’ या रानडे, आणि थेऊरला १७७२मध्ये पती माधवराव पेशव्यांबरोबर सती गेलेल्या रमाबाई, त्याही माधवरावांच्याच पत्नी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई, १८९८ ते १९३५, यांच्यासाठी लोकांनी ‘रमाई’ हे नाव मायेने रूढ केलं. सूचीत ते ‘ऊर्फ’ म्हणून जरूर घ्या. रमाबाईंच्या नावाच्या वस्त्या, शाळा, सभागृहं आहेत, ती बहुतेक त्यांच्या नावाची आहेत आणि वाचक ‘रमाई’ म्हणूनच शोधणार.

स्त्रियांच्या नोंदीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. लग्नात नाव बदललेलं असतं. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, आणि रमाबाई रानड्यांचंही माहेरचं नाव यमुनाच. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणजे बाया कर्वे, त्या पूर्वीच्या गोदूबाई. रघुनाथराव पेशव्यांच्या पत्नी आनंदीबाई. शाहू महाराजांना दत्तक घेणाऱ्या कोल्हापूरच्या राणीही आनंदीबाई. माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्हीकडचे वडील आणि पती, एवढं सगळं मिळालं तरच नोंद पक्की समजावी. पुरुषांच्या नोंदीपेक्षा इथे दुप्पट कष्ट पडतात आणि ते घेतलेच पाहिजेत, कारण आधीच बायकांबद्दल लिहिलेलं थोडं आहे. जे आहे ते तरी योग्य बाईच्या नावावर जावं.

साहित्यात आद्याक्षरांनी घोळ होतो. पु. ल. देशपांडे आणि पु. य. देशपांडे, दोघेही पुरुषोत्तम. पहिले लक्ष्मणरावांचे, दुसरे यशवंतरावांचे. पु. य. नागपूरचे, कादंबरीकार आणि तत्त्वचिंतक. त्यांना ‘अनामिकाची चिंतनिका’साठी १९६२मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तीन वर्षांनी पु. लं.ना ‘व्यक्ती आणि वल्ली’साठी. ‘पु. देशपांडे, साहित्य अकादमी’ असं तुटक टिपण ठेवलंत तर नंतर तुम्हालाच कळणार नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि निरुक्ताचे अभ्यासक वै. का. राजवाडे हे सख्खे भाऊ, विश्वनाथ आणि वैजनाथ. बाप एक, आडनाव एक, आद्याक्षरात फक्त वेलांटी आणि दोन मात्रा यांचा फरक. छपाईत ती निसटली की संपलं.

आपटे मंडळींकडे तर मी नवशिक्यांना मुद्दाम पाठवतो. हरि नारायण आपटे, १८६४ ते १९१९, ‘पण लक्षात कोण घेतो?’चे लेखक. नारायण हरि आपटे, १८८९ ते १९७१, हेही कादंबरीकार. व्ही. शांताराम यांचा १९३७चा ‘कुंकू’ हा चित्रपट त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून आला. नावं बघून कोणीही त्यांना बापलेक म्हणेल. ते बापलेक नाहीत. बापाच्या नावाची पद्धत उपयोगी असली तरी तिच्यावरून नातं जोडायचं नसतं, हे इथे शिकायला मिळतं. आणि नुसतं ‘नारायण आपटे’ लिहिलंत तर पुढे आणखी अनर्थ आहे, कारण गांधीजींच्या खुनाच्या खटल्यात १९४९मध्ये फाशी गेलेला तो नारायण दत्तात्रय आपटे. एका कादंबरीकाराच्या पानावर त्या माणसाचं छायाचित्र लागणं ही किती भयंकर गोष्ट आहे! तसं होऊ नये एवढ्यासाठी मधलं ‘हरि’ हे नाव पुरेसं आहे.

आपट्यांपैकीच एक मनोहर आपटे. सांगलीचे हे तरुण गोव्याच्या मुक्तिलढ्यात उतरले, पोर्तुगीजांच्या तुरुंगात लिस्बनला गेले आणि १९६९मध्ये सुटले. त्यांना जग मोहन रानडे म्हणून ओळखतं. घेतलेलं नाव आणि मूळ नाव दोन्ही नोंदवलं नाही, तर ते उगाच न्यायमूर्तींच्या घराण्यात जाऊन बसतात.

संगीताच्या याद्यांमध्ये वसंत देसाई दोन येतात. चित्रपट आणि नाटकांचे संगीतकार एक, आणि गंधर्व नाटक मंडळीसाठी नाटकं आणि पदं लिहिणारे वसंत शांताराम देसाई दुसरे. दोघांचाही नाट्यगीतांशी संबंध असल्याने गीताच्या खाली ‘वसंत देसाई’ दिसलं की गीतकार म्हणून आहे की संगीतकार म्हणून, ते पाहा. वसंत प्रभू आणि वसंत पवार आहेतच.

आता सर्वांत कठीण भाग, संतकवी. इथे बापाचं नाव नसतं, आडनाव नसतं, असते ती फक्त नाममुद्रा, म्हणजे अभंगात कवीने गुंफलेलं स्वतःचं नाव. संत नामदेव १२७० ते १३५०. सोळाव्या शतकात एकनाथांच्या सुमारास विष्णुदास नामा नावाचे कवी झाले, त्यांनी महाभारत ओवीबद्ध केलं. दोघांच्या अभंगांत ‘नामा म्हणे’ येतं. ‘विष्णुदास नामा’ ही मुद्रा दिसली म्हणजे दुसरा, असंही म्हणता येत नाही, कारण पहिले नामदेवही स्वतःला विष्णूचा दास म्हणवून घेतात. त्यामुळे नामदेव गाथेत नंतरच्या नाम्याचे अभंग मिसळले आहेत हे अभ्यासकांनी दाखवून दिलं असलं, तरी रेषा नेमकी कुठे ओढायची हे प्रत्येक अभंगाला वेगळं बघावं लागतं. अभंगात कबीरांसारखा नंतरच्या काळातला संत आला असेल, तर तो चौदाव्या शतकातल्या नामदेवांचा नव्हे. भाषेची रूपं जुनी की नवी, कोणत्या हस्तलिखितात सापडतो, गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची जी ६१ पदं आहेत त्यांच्याशी भाव जुळतो का, अशा खुणा एकत्र ठेवून निर्णय घ्यायचा. एका खुणेवर घेऊ नये.

उलटी चूकही होते, एकाच माणसाचे दोन करण्याची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शि. ए. भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारका’त असं प्रतिपादन केलं की ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव वेगळे. त्यावर पुष्कळ वाद झाला, पण वारकरी परंपरेने आणि बहुसंख्य अभ्यासकांनी ते मानलं नाही. टोपणनावांमुळे सूचीत हेच नकळत घडतं. राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम अशा तीन नोंदी झाल्या तर एका लेखकाचे तीन झाले.

चित्रांबद्दल थोडं. हरिविजय, पांडवप्रताप आणि शिवलीलामृत लिहिणारे श्रीधर कवी १६५८ ते १७२९चे. त्यांच्या नावापुढे छायाचित्र असेल तर ते त्यांचं नाही, एवढं निश्चित, कारण छायाचित्रण एकोणिसाव्या शतकातलं. बहुतेक वेळा ते सज्जनगडाशी संबंधित श्रीधरस्वामींचं असतं, जे १९७३मध्ये समाधिस्थ झाले. मजकूर नीट असून चित्र चुकलं तर वाचकाच्या मनात चित्रच राहतं.

प्रत्यक्ष कार्ड कसं लिहायचं ते सांगतो. आधुनिक व्यक्तीसाठी आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग बापाचं किंवा पतीचं, मग कंसात जन्म-मृत्यूची सालं: देशपांडे, पुरुषोत्तम यशवंत (१८९९–१९८६). राजे आणि संत यांना आडनावाखाली ढकलू नका, स्वतःच्या नावाखाली ठेवा, पुढे गादी किंवा गाव लिहा: शाहू, सातारा (१६८२–१७४९), शाहू, राजर्षी, कोल्हापूर (१८७४–१९२२). त्यानंतर एका ओळीत काम आणि एका ओळीत ‘ऊर्फ’ नावं. शेवटी एक ओळ मी आवर्जून घालतो: ‘यांच्याशी गल्लत होऊ नये’, आणि त्यापुढे त्याच नावाच्या दुसऱ्या व्यक्तीचा निर्देश. विष्णुशास्त्री पंडितांच्या कार्डावर चिपळूणकर, आणि चिपळूणकरांच्या कार्डावर पंडित. ही ओळ दोन्हीकडे हवी, कारण वाचक कोणत्या बाजूने येईल सांगता येत नाही.

सालं घेताना शक आणि इसवी सन मिसळू देऊ नका. जुन्या मराठी पुस्तकात ‘जन्म १६०४’ असं नुसतंच असतं, ते शके १६०४ असतं. त्यात ७८ मिळवले की १६८२, म्हणजे आपले पहिले शाहू. जानेवारी ते मार्चमधली तिथी असेल तर ७९ मिळवावे लागतात. मूळ आकडाही कार्डावर तसाच लिहून ठेवा म्हणजे पुढच्या माणसाला पडताळता येईल.

आणि ज्या उल्लेखातला माणूस कोणता हे ठरत नाही, तो उल्लेख कोणाच्याही कार्डावर चढवू नका. त्यासाठी वेगळा कप्पा ठेवा, त्यात उल्लेख जसाच्या तसा, पुस्तकाच्या पानासह उतरवून ठेवा, आणि ज्या दोघा-तिघांपैकी तो असू शकतो त्यांची नावं खाली लिहा. तुमच्या गावातल्या जुन्या मंडळींना, शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकांना तो कप्पा अधूनमधून दाखवत राहा. स्थानिक संस्थेचा संस्थापक, देवळाचा जीर्णोद्धार करणारा, वाचनालयाला पहिली देणगी देणारा अशा माणसांच्या बाबतीत नेमकं उत्तर बऱ्याचदा त्यांच्याकडेच मिळतं.